डब्याच्या तळाशी

प्रार्थना संपायच्या आत मुख्याध्यापिका सूसम्मांनी अंबिका टीचरना ऑफिसात बोलावलं आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

नववीच्या ब्लॉगवर मेर्लीचा लेख होता. आई रीथम्मा शेडमध्ये कोळंबी सोलते, बर्फात तिची बोटं कशी पांढरी पडतात, त्याबद्दल. खाली कोणीतरी टोपणनावानं कमेंट केली होती: ‘बोटांचं कौतुक पुरे. जेवणाच्या डब्याच्या तळच्या कप्प्यातून मालकाची कोळंबी कोण पळवतं, तेही लिही.’

“शेडमालकानं वाचलं. रीथम्माला काढून टाकलं. पोरगी शाळेत यायची बंद झाली,” सूसम्मा म्हणाल्या. “काम तिच्या वर्गातल्या निजिलचं. मालक त्याचा मामा. उद्या दाखला हातात देते.”

“कबूल झाला?”

“कोण कबूल होतं?”

पुराव्याआधी निष्कर्ष लिहिणाऱ्यांचे गुण अंबिका टीचर रसायनाच्या वहीत कापत असत. “आजचा दिवस द्या,” त्या म्हणाल्या.

निजिल डोळे पुसूनच समोर आला.

“शेडमध्ये जातोस?”

“बर्फ उतरवायला.”

“रीथम्माचा डबा पाहिलायस?”

“डबा कुठला, टीचर? केळीच्या पानात बांधलेला भात. खाल्ला की पान फेकलं. सगळ्या बायका तेच करतात.”

“मग डबाच नाही, हे मामाला सांगितलं नाहीस?”

“मामाला कोळंबीचा वास सहन होत नाही. तो शेड फोनवरून चालवतो. माझं कोण ऐकतंय?”

मेर्लीच्या घरी आई नव्हती. ती काम मागायला दुसऱ्या शेडच्या दारात उभी राहायला गेली होती. भिंतीवर एक कागद चिकटवला होता. मेर्लीच्या पहिल्या लेखावरची कमेंट तिनं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली होती: ‘मोळे, माझ्या पोरी, तू लिहीत राहा. मी वाट पाहीन. मीनाक्षीअम्मा, पालक्काड.’

“डब्याची गोष्ट कुठून आली, मेर्ली?”

तिनं भिंतीवरच्या कागदाचा कोपरा दाबून बसवला.

“मीच लिहिली होती. खोटी. ब्लॉगचे सर, जयदीप माष म्हणाले, लेखात काहीतरी चटका लावणारं हवं. मग वाचून त्यांनीच काढायला लावली.”

“आणखी कोणी वाचली?”

“कोणीच नाही. शाळेतच टाइप केली, थेट त्यांना पाठवली. आईला सांगू नका, टीचर.”

दुपारी ऑफिसात ब्लॉग सांभाळणारे जयदीप माष काळा चहा पीत बसले होते. जिल्ह्याच्या बक्षिसासाठी त्यांचा ब्लॉग निवडला गेला होता.

“जे घडलंय ते कोणीही पाहू शकतं,” अंबिका टीचर म्हणाल्या. “पण हे घडलंच नाही. रीथम्माकडे डबाच नाही. निजिलनं चुगली केली असती तर पानाची केली असती. तो तळचा कप्पा फक्त मेर्लीच्या कच्च्या लेखात होता. तो लेख तुम्ही एकट्यानं वाचलात, माष.”

कप बशीवर वाजला.

“आईला काढतील असं वाटलं नव्हतं,” माष म्हणाले. “चांगलं लिहिलेलं कोणी वाचत नाही, टीचर. भांडण झालं की गर्दी होते. बघा ना, किती लोक तिच्या बाजूनं धावून आले! आणि धीरही मीच दिला होता तिला. ती मीनाक्षीअम्मा कोण होती मग?”

अंबिका टीचरना मेर्लीच्या भिंतीवरचा कागद आठवला. तोही माषांचाच होता.

टेबलामागून उठून सूसम्मांनी दार लावून घेतलं. “निजिलचा दाखला राहू दे. मालकाला मी फोन करते. बाकीचं बक्षीस समारंभ झाल्यावर बघू.”

फोन झाला. मालक म्हणाला, जागा भरली.

संध्याकाळी मेर्ली घराच्या दारातच थांबली होती. अंबिका टीचरनी डब्याची कमेंट कोणाची ते सांगितलं. तिनं मान हलवली, जणू अंदाज होताच.

“मीनाक्षीअम्माला कळवाल? आई चोर नाही म्हणून. बाकी लोकांचं जाऊ दे.”

खोटं बोलणं सोपं होतं. टीचरना ते कधी जमलं नव्हतं.

“ती बाई नाहीच, मोळे. तेही माषच लिहायचे.”

मेर्ली आत गेली. भिंतीवरचा कागद तिनं नखानं कोपऱ्यापासून सोलला, न फाटू देता, सफाईनं. मग उद्याचा भात बांधायला परसातून केळीची दोन पानं आणून ती विस्तवावर शेकू लागली.

“दोन?”

“आईला नव्या शेडमध्ये काम मिळालं. त्यांना आणखी एक सोलणारी हवीय.”