तीस सेकंद हलू नका

काम साधं होतं. बायपासचे दिवे सहा महिने बंद होते, मी त्यावर पेपरात रोज आगपाखड करत होतो, आणि पहिल्या पानासाठी मला अंधाराचा फोटो हवा होता. नोव्हेंबरची चौदा तारीख, रात्रीचे अकरा. आमच्या उंचाड्या फोटोग्राफरला, जिराफला, मी एकट्यालाच पाठवलं.

"जिराफ म्हणजे ते ऑटोवर फोटो काढणारे आजोबा ना, काका?"

हस, बाई, हस. तीन आठवडे झाले तुला नोकरीला. या ऑफिसात मॅन्युअल शिकवलं कुणी? त्यानंच. "ऑटोवर सोडला तर कॅमेरा अंधाराला घाबरतो आणि रात्रीचा दिवस करतो," असं म्हणायचा. आत किती उजेड घ्यायचा ते आपण ठरवायचं. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर तीस सेकंद उघडं.

तर त्यानं ट्रायपॉड लावला आणि कडेच्या अंधारातून एक माणूस आला. पांढरा शर्ट, पोट दाबून धरलेलं. म्हणाला, "दादा, दवाखान्यात सोडता का? गाडीनं उडवलं."

रक्त दिसत नव्हतं. जिराफला वाटलं, पिऊन आलाय. शिवाय शटर उघडं असताना पांढरा शर्ट समोरून चालला, तर फोटोत धुरकट पट्टा उमटतो. म्हणून हा म्हणाला, "माझ्या मागे बसा. तीस सेकंद हलू नका. झालं की सोडतो."

तो बसला.

पहिला फोटो काळाठिक्कर. आयएसओ वाढवला. दुसरा फारच उजळ. अ‍ॅपर्चर लहान केलं. तिसऱ्यात ट्रकचा उजेड घुसला. प्रत्येक फोटोनंतर मागून आवाज, "झालं का?" आणि हा म्हणायचा, "अजून एक."

मग मागून विचारणं थांबलं. जिराफला बरंच वाटलं.

मनासारखा फोटो मिळाल्यावर त्यानं वळून पाहिलं. माणूस दगडाला टेकला होता, डोळे मिटलेले. झोपला असेल. इकडे मी फोनवर ओरडत होतो, "फोटो आण रे, पान सुटतंय!" चार फोन केले मी. चार.

जिराफ तसाच निघून आला. सकाळी पोलिसांना तो माणूस तिथेच सापडला.

जिराफ माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "सांगून टाकू या."

"कुणाला? काय? बातमी प्रशासनाविरुद्ध आहे, आपल्याविरुद्ध नाही. गप्प बस."

आणि मी मथळा दिला, 'अंधाराने घेतला बळी'. खाली लिहिलं, जबाबदारांना लाज वाटायला हवी. आठ दिवसांत दिवे लागले. माझा सत्कार झाला. भाषणही केलं मी.

वर्षाच्या आत ते दिवे परत गेले. मी परत पेटलो. तीच जागा, तीच तारीख, तसाच फोटो हवा, म्हणालो. जिराफ नको नको म्हणत होता. अख्ख्या ऑफिससमोर त्याला भित्रा म्हटलं. गेला.

पुढचं त्यानं सांगितलेलं.

अकरा वाजून दहा मिनिटं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. डायल एमवर, म्हणजे मॅन्युअलवर. शटर तीस. बटण दाबलं.

पाच सेकंद... दहा...

मागून आवाज आला.

"झालं का?"

तो वळला नाही. मान वळेना.

वीस... पंचवीस...

"दादा... झालं का?"

तीस झाले. शटर मिटेना.

'चला, सोडतो' म्हणायचं होतं त्याला. वर्षभर मनात तेच घोकलेलं. तोंड उघडलं आणि सवयीनं बाहेर पडलं...

"अजून एक."

मागे काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

मग खट्. शटर मिटलं.

कॅमेरा उपसला आणि ट्रायपॉड तिथेच टाकून तो पळाला. साडेअकराला माझ्यासमोर होता. ऑफिसचं घड्याळ मी स्वतः पाहिलं. रडत होता. आवाजाला नाही गं रडत. स्वतःच्या उत्तराला.

कॅमेरा मी घेतला. फोटो पूर्ण काळा. खाली माहितीची ओळ होती. वेळ, अकरा दहा. शटर, दोन हजार चारशे साठ सेकंद. म्हणजे एक्केचाळीस मिनिटं. त्याच्या डायलवर तीसच्या पुढे आकडाच नाही, आणि बटण दाबून उणीपुरी वीस मिनिटं झाली होती.

"एक्केचाळीसच का?" जिराफ विचारत राहिला.

आदल्या वर्षीच्या फोटोंवरच्या वेळा मी कधीच पाहून ठेवल्या होत्या. पहिला अकरा चारचा. शेवटचा अकरा पंचेचाळीसचा.

"कॅमेरा बिघडलाय," मी म्हणालो. "दुरुस्तीला टाक."