राणीच्या झग्याच्या चुण्या

एप्रिलमधल्या एका दुपारी बिअरचा घडा कमरेवर घेऊन इडोनी उत्तरेच्या वेशीबाहेर पडली आणि पाऊस आला. मोठा नव्हे... स्टॅमफर्डात पडते तशी नुसती बुरबुर, कपडे ओले झाल्यावरच कळणारी. सबीना आत्याची बिअर रस्त्याकडेच्या पाथरवटांना पोचवायची आणि परत फिरायचं, एवढंच तिचं काम. पण डोक्यावरचं फडकं जड झालं तशी ती त्यांच्या छपराखाली शिरली.

आत एक बाई उभी होती. दगडाची. खांद्यांच्या वर नुसता ठोकळा, पण खाली पायघोळ झगा उतरलेला, चुण्याचुण्यांनी, पार घोट्यापर्यंत. इडोनीचे पाय जागीच थांबले. दगडाला एवढं मऊ होता येतं? तिनं हळूच बोट लावलं. गार होतं. आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, तिच्या तोंडून निघून गेलं, "असा नाही पडत तो."

मागे छिन्नीचा आवाज थांबला. दगडाच्या भुकटीनं भुवया पांढऱ्या झालेला एक तरुण तिच्याकडे बघत होता.

"काय पडत नाही, बाई?"

"झगा. इतकी जाड लोकर... ती इतकी सरळ कशी येईल?"

"आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सात वर्षं मी तो झटकलाय, उन्हात घातलाय. घोळावरचा चिखल धुतलाय."

सगळ्यांच्याच छिन्न्या थांबल्या. खरंच होतं ते. इडोनी एलिनॉर राणीच्या धोबीखान्यात होती. आदल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला राणी लिंकनजवळ वारली. शव लंडनला निघालं, तेव्हा धुण्याच्या गाठोड्यांसोबत इडोनीही मागून चालत आली. स्टॅमफर्डला मुक्काम पडला. मेलेल्या राणीला धोबिणी कशाला लागतात? ती इथंच आत्याकडे राहिली. आता राजाचा हुकूम निघाला होता, की जिथं जिथं शव रात्री विसावलं तिथं तिथं दगडी क्रूस उभा करायचा आणि त्यावर राणीच्या मूर्ती बसवायच्या. त्यातली लिंकनच्या रस्त्याकडे तोंड करणारी मूर्ती या पांढऱ्या भुवयांच्या वॉरिनकडे होती.

"म्हणजे राणीला तू जवळून पाहिलंयस," तो म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. "चेहरा आठवतो?"

इडोनीनं राणीचा चेहरा पाहिला होता तो दोनदा. दोन्ही वेळा अंगणापलीकडून, आणि त्यातही एकदा पाठमोरा. पण वॉरिन असा बघत होता, की...

"रोज पाहायचे," ती म्हणाली.

त्या दिवसापासून बिअर पोचवायला तिला जरा जास्तच वेळ लागू लागला. ती आपला लोकरीचा झगा भिजवून आणायची, खांद्यावर टाकून ठोकळ्याशेजारी उभी राहायची, आणि लोकर कुठं साठते, कुठं लोंबते, कुठं अंगाला चिकटते ते वॉरिन बघायचा. मग छिन्नी घ्यायचा. जिथं काहीच नव्हतं तिथून हळूहळू एक चुणी उठायची, वळायची, सावली धरायची. इडोनी श्वास रोखून बघत राही. हा माणूस दगड कापत नाही, आत कोणीतरी आहे तिच्यावरचं पांघरूण काढतोय, असं तिला वाटे.

"हलू नकोस," तो म्हणे.

"मी हललेच नाही."

"श्वास घेतलास."

"मग काय, तोही तुला विचारून घेऊ?"

"घेतलास तर बरं होईल... डाव्या चुणीची गडबड होते."

बाकीचे पाथरवट खोकायचे. उस्ताद हॅमो, त्या सगळ्यांचा म्हातारा मुख्य कारागीर, बिअर पिता पिता म्हणायचा, की एवढ्या वेळात दुसऱ्या कोणी दोन राण्या उरकल्या असत्या.

आणि रोज वॉरिन चेहऱ्याचं विचारायचा. इडोनीनं राणीला पाद्र्याच्या बहिणीचं नाक दिलं, एका पीठवालीची हनुवटी दिली, डोळे एकदा करडे सांगितले, एकदा तपकिरी. घरी गेल्यावर मात्र तिला झोप लागत नसे. मूर्तीचं डोकं आता ओल्या गोणपाटाखाली झाकलेलं असे. राजाचा कारभारी पाहणीला येणार होता. चेहरा चुकला तर उस्ताद वॉरिनला दारात उभं करणार नाही, दुसराही कोणी करणार नाही.

पाहणीच्या चार दिवस आधी ती गेली, घडा न घेताच.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मी तिचा चेहरा पाहिलेलाच नाही. धड नाही. सगळं मनचं सांगितलं."

वॉरिननं गोणपाट बाजूला केला. खाली शांत, तरुण, मुकुटाखाली केस मोकळे सोडलेला चेहरा होता. पाद्र्याच्या बहिणीचा त्यात मागमूस नव्हता.

"हा लंडनहून आलेल्या नमुन्यातला," तो म्हणाला. "सगळीकडे हाच करायचाय. डोळ्यांचा रंग तू बदललास, तेव्हाच मला कळलं होतं."

"मग विचारत का होतास?"

तो छिन्नीची धार अंगठ्यानं बघत राहिला. "घडा रिकामा झाला की तू जायचीस..."

दुसरा कोणता दिवस असता तर ती हसली असती. पण इतक्या रात्री तळमळून काढल्यावर नाही. "मला खोटं बोलू दिलंस, आणि मजा बघितलीस," एवढंच बोलून ती निघून गेली. पुढचे तीन दिवस आत्यानंच बिअर पोचवली, आणि परत येऊन दोघांनाही नावं ठेवली.

चौथ्या दिवशी उस्ताद स्वतः धापा टाकत दारात आला. कारभाऱ्यानं मूर्ती नापास केली होती. चेहरा बरोबर, पण झगा नमुन्याबाहेर. नमुन्यातल्या चुण्या सरळ, आणि वॉरिननं डावीकडे सगळी लोकर ओढून गोळा केली होती, गळ्याशी बांधायच्या दोरीत राणीचं एक बोट अडकवलं होतं. विचारलं तर म्हणे, झगा असाच पडायचा, इडोनीनंच सांगितलंय. फोडून नवीन करा, असं कारभाऱ्याचं म्हणणं होतं. वॉरिन ऐकत नव्हता.

इडोनी हात पुसायलाही थांबली नाही.

कारभारी उंच, वाळकुडा, पिकल्या दाढीचा माणूस होता. वॉरिन मूर्तीपुढे उभा होता, आड येऊन उभं राहावं तसा. इडोनीला बघून त्याची मान खाली गेली.

"तू राणीसाहेबांना ओळखत होतीस म्हणे," कारभारी म्हणाला.

"नाही, साहेब." तिनं ओले हात फडक्याला पुसले. "चेहरा मी जवळून कधीच पाहिला नाही. माझ्याकडे कपडे यायचे फक्त. पण झग्याची ती दोरी डाव्या बाजूला झिजायची. दर वसंतात नवी घालावी लागायची. आणि त्याच खांद्यावर लोकर ताणलेली असायची, कितीही झटका, जायची नाही. कोणाचं काही ऐकताना त्या बोट घालून ओढत असणार... असं आम्हा धोबिणींना वाटायचं. पाहिलं नाही, साहेब. हातांना माहीत आहे."

कारभारी मूर्तीजवळ गेला. त्या बोटाकडे बघत उभा राहिला, बराच वेळ. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"मी त्यांना पत्रं वाचून दाखवायचो," तो म्हणाला. "लांबलचक असली की त्या अशाच उभ्या राहायच्या. अगदी अशाच. मी विसरलो होतो."

जाताना त्यानं उस्तादला एवढंच सांगितलं, की या मूर्तीला कोणी हात लावायचा नाही.

सप्टेंबरअखेरच्या सेंट मायकेलच्या सणाआधी मूर्ती वर चढवली. रंगाऱ्यानं केस सोनेरी केले होते, झगा निळा. दोर करकरले, तीस माणसांनी एका दमात ओढलं, आणि राणी जमिनीवरून उठली. वर, आणखी वर, कोनाड्यात जाऊन उभी राहिली. गलका कुठल्या कुठं विरला. आधी आत्या गुडघ्यांवर बसली, मग उस्ताद, मग सगळा रस्ताच.

इडोनी मात्र उभीच राहिली. वर राणी बोट दोरीत घालून, मान किंचित झुकवून ऐकत होती, खालून तिला कोणी काही सांगत असावं तशी. सात वर्षं जिचे कपडे धुतले, ती आज दिसली. इडोनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि तिनं ते पुसलं नाही.

शेजारी वॉरिन उभा होता. "मी केलीय असं वाटतच नाही," तो पुटपुटला. "भीती वाटते बघायला."

"मलाही."

मग तो म्हणाला, की सोमवारी गाड्या ग्रँथमला निघतील. तिथंही क्रूस आहे, तिथंही राणी. दोन वर्षं तरी लागतील. एवढं सांगून तो हात झटकत राहिला. हातांना काही लागलेलं नव्हतं.

"ग्रँथमला नदी आहे?" तिनं विचारलं.

"आहे. लहानशी."

"पाणी कसं आहे? मळ सुटतो का त्यात?"

"मी... पाहिलं नाही."

"मग दोन वर्षं कपडे कोणाच्या भरवशावर धुणार होतास?"

वॉरिनचे कान आधी लाल झाले, मग सगळा चेहरा. "मी आत्याला विचारतो. आजच, संध्याकाळीच..."

"आत्या महिनाभर वाटच बघतेय. पण आधी मला विचार."

त्यानं विचारलं. भोवती सगळे अजून गुडघ्यांवर होते, प्रार्थना चालू होती; म्हणून तिला टाचा उंचावून, उत्तर अगदी हळू, त्याच्या कानातच द्यावं लागलं.