कोहळ्याची वडी

आदर्श, बापाच्या जुन्या फियाटात दुसरं इंजिन बसवायचं म्हणतोयस म्हणे. बसव बाबा, हौसेला मोल न्हाय. पण आधी मच्छे गावच्या महादेवाचं ऐक. उद्यमबागेतल्या कारखान्यात त्याची नि माझी मशीन शेजारी शेजारी. ऐकीव सांगत न्हाय.

त्याचीबी असलीच फियाट. चढ आला की दम लागायचा तिला. बहीण रूपाली दिलेली कणकुंबीला. दिवस भरत आलेले, नवरा गोव्यात कामाला. कळा सुरू झाल्या तर तिला झटक्यात बेळगावला आणता यावं, म्हणून महादेवानं भंगारातनं मोठ्या गाडीचं इंजिन आणलं. जागा पुरंना, तर पत्रा कापून बसवलं. भंगारवाला म्हणालता, ठोकलेल्या गाडीचं हाय, मालक जागीच गेला.

गेल्या साली खंडेनवमीला सगळ्यांनी गाड्यांपुढं कुंकू भरून कोहळा फोडला. माणसाच्या बदल्यात यंत्राला त्याचा वाटा द्यायचाच असतो. महादेवाच्या आईनं, राजाबाईनं, कोहळा आणून ठेवलता. हा हसला.

"ह्यानं आधीच एक माणूस खाल्लंय गं आई. पोट भरलंय त्याचं. वडी कर कोहळ्याची."

वडी झाली. सगळ्यांनी गोड म्हणून खाल्ली.

त्याच रात्री साडेअकराला कणकुंबीचा फोन आला. गाडी तासाच्या आत तिथं पोचली. म्हातारी सासू घरी थांबली, रूपाली मागच्या सीटवर निजली. जांबोटीकडं येताना मधल्या रानात गाडी बंद पडली.

चावी फिरवली. न्हाय.

रूपालीला आत निजवंना, म्हणून तिला उतरवून कडेच्या दगडावर टेकवलं. गाडी एका चावीत सुरू.

तिला आत घेतलं. बंद.

उतरवलं... सुरू.

परत आत घेतलं. बंद.

फोनला रेंज न्हाय. रस्त्यावर चिटपाखरू न्हाय. तिला पाऊल टाकवंना. दोघांनाबी कळलं.

मग तीच म्हणाली, "आण्णा... मला हितंच ठेव. तू डाक्टरला घेऊन ये."

"एकटी?"

तिनंच दार उघडलं...

महादेवानं तिला दगडावर टेकवलं, शाल अंगावर टाकली. निघाला. गाडी असली पळाली, असली पळाली... कधी पळाली नव्हती.

जांबोटीतनं अॅम्ब्युलन्स घेऊन आला. दगड हुता. रूपाली न्हाय. शालबी न्हाय. हाका मारून घसा बसला त्याचा. पोलीस आले, गाव आलं, रान पिंजून काढलं. चप्पलसुद्धा घावली न्हाय.

राजाबाई लेकाशी बोलत न्हाय अजून. गाडी दारात उभी हाय. भंगारवालाबी घेईना.

त्या रात्री दगडावर तेवढं...

अर्धा कोहळा हुता. ताजा कापलेला. आत कुंकू भरलेलं.

महादेवानं बोट लावून बघितलं.

कोमट लागलं.