पासष्टावी पट्टी

मंगळवारी दुपारी डबा खाऊन, तो धुऊन उपडा घालून ताई किल्ल्यांचा जुडगा घेऊन तळघरात उतरल्या. काम साधं होतं. एक बरणी शोधायची, तिच्यातल्या कांडीच्या पट्ट्या मोजायच्या आणि शुक्रवारी अहवालावर सही करायची. समुद्री जीवांच्या त्या संग्रहालयात ताईंनी एकतीस वर्षं काढली होती. मेलेल्यांची त्यांना भीती वाटत नसे. छळायला जिवंत माणसं पुरेशी आहेत, असं त्या म्हणत.

बरणीत होती देवमाशाच्या कानातल्या मळाची वीतभर कांडी. हसू नका. देवमाशाचा कान बाहेरून बंद असतो, त्यामुळे मळ बाहेर पडत नाही. जन्मल्यापासून तो थरावर थर साठत जातो, वर्षाला दोन थर. समुद्र शांत असतो तेव्हा पोटभर खाण्याच्या दिवसांतला थर फिकट, आणि वाऱ्याच्या महिन्यांत, उपाशी प्रवासातला गडद. कांडी उभी चिरली की झाडाच्या बुंध्यासारख्या पट्ट्या दिसतात. अंगात विष गेलं असेल तर ते त्या त्या पट्टीच्या मेणात अडकून राहतं. माणूस खोटं बोलेल, कागदही खोटं बोलेल. मळ कशाला बोलेल?

ही मादी नऊ वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी मरून पडली होती. तिच्या चरबीत काठावरच्या रसायनांच्या कारखान्याचं विष सापडलं, फार ओरड झाली, आणि कारखान्याने समुद्रात सोडलेला आपला पाइप बंद केला. तेव्हापासून दरवर्षी शांत दिवसांत खाडीचं पाणी तपासलं जाई आणि ते स्वच्छ निघे. आता खाडी शुद्ध असल्याचं कायमचं जाहीर करायचं होतं. म्हणजे यापुढे तपासणीच नाही. जुन्या विषाचा शेवटचा हिशोब लागला की प्रकरण मिटलं.

ताईंचं मन मात्र त्या सहीला राजी होत नव्हतं, आणि त्याचं कारण घरचं होतं. त्यांची एकुलती एक लेक खाडीकाठी दिलेली. जावयाची स्वतःची नाव, घरात दोन्ही वेळा मासे. लेकीला नववा महिना लागला होता, पहिलंच बाळंतपण. आणि ताईंना पट्ट्या मोजायला शिकवणाऱ्या मास्तरांनी याच कांडीवर, एकतिसाव्या पट्टीला टाचणी टेकवून एकदा सांगितलं होतं, "इथपर्यंत विष चढत गेलंय, आणि इथे बघ, एकदम खाली आलंय. का? पिल्लू झालं. हिचं दूध लोण्यासारखं घट्ट. सगळं विष त्या दुधातून पहिल्या लेकरात उतरलं. आई मोकळी झाली."

"आणि पिल्लू?" ताईंनी विचारलं होतं.

मास्तरांनी नुसता चष्मा पुसला होता. ते जाऊनही आता पाच वर्षं झाली. वहीत त्यांच्या टपोऱ्या अक्षरात आकडा तेवढा राहिला होता. एकूण पट्ट्या सेहेचाळीस.

वर रंगकाम चाललं होतं, म्हणून ताई तळघरातच टेबलाशी बसल्या. दिवा ओढून घेतला, कांडी कापडावर ठेवली आणि टाचणीने मोजायला लागल्या. दहा. वीस. एकतिसावीपाशी त्या क्षणभर थांबल्या. मग चाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस. टाचणी तिथे थांबायला हवी होती. पुढे सत्तेचाळिसावी होती.

मास्तर चुकले? मास्तर बायकोचा वाढदिवस चुकायचे, पट्टी कधी नाही. ताईंनी पुन्हा मोजलं. मग काठाकडून आत, उलटं मोजलं. चौसष्ट. अठरा जास्त. नऊ वर्षं, वर्षाला दोन...

टाचणी हातातून पडली. तिचा आवाज त्या शांततेत केवढा तरी मोठा वाटला.

त्याच वेळी मानेवर वारा आला. वारा नव्हेच तो. ओला, ऊबदार, एकच लांब श्वास, खूप वेळ कोंडून धरलेला कुणी सोडावा तसा. त्याला खारट वास होता, आणि खाली रबर जळल्याचा. तळघराला खिडकी नव्हती. ताई तशाच बसून राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चालत होता. तेरा मिनिटांनी दुसरा श्वास आला, अगदी कानाशी.

त्यांनी बोट पुढे केलं आणि कांडीच्या सगळ्यात बाहेरच्या पट्टीला लावलं. ती मऊ होती. आणि कोमट.

ताई घाबरल्या, हे सांगायलाच हवं. पाय दाराकडे निघाले. पण पाय निघाले म्हणून ताई निघत नसत. त्यांनी दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीत अडकवले, अठरा काचेच्या नळ्या समोर मांडल्या आणि एकेक पट्टी खरवडायला घेतली. "असं असेल तर असू दे," त्या पुटपुटल्या. "सांग बाई, काय सांगायचंय ते."

यंत्राने बुधवारी आकडे दिले. नऊ फिकट पट्ट्यांत विष नावाला नव्हतं. नऊच्या नऊ गडद पट्ट्यांत ते खच्चून भरलेलं होतं.

ताईंनी साहेबांना गाठलं. संग्रहालयाचे हे मुख्य अधिकारी, माणूस वाईट नव्हता, पण फाइल मिटली की त्यांना शांत झोप लागे.

"साहेब, खाडीचं पाणी वाऱ्याच्या महिन्यांत कधी तपासलंय?"

"वाऱ्यात कोण जाणार मरायला? नावा किनाऱ्यावर असतात."

"म्हणूनच विचारते."

"ताई, शंका कशावरून आली ते तरी सांगा. कागदावर काय लिहू?"

काय सांगणार? मेलेल्या देवमाशाच्या कानात अजून मळ साठतोय, असं? तसं म्हटलं असतं तर विष राहिलं बाजूला, ताईंचंच डोकं तपासायला पाठवलं असतं. "काही लिहू नका," त्या म्हणाल्या. "मला आठ दिवस द्या. पाणी स्वच्छ निघालं तर डोळे मिटून सही करते."

वारा त्याच आठवड्यात सुरू झाला होता. जावयाने आधी कानावर हात ठेवले. "आई, लाटा बघितल्यात का? नाव उलटेल."

"लेकीला नऊवारी नको, दागिने नकोत, काही मागितलं नाही मी तुमच्याकडे. आज एक बाटली पाणी मागते. आणि तुम्ही एकटे नाही जायचं, मी येते."

सासू नावेत बसल्यावर जावई काय करणार? सकाळी अकराला ते निघाले. नाव खालीवर आपटत होती, पाणी डोळ्यांत जात होतं. खाडीच्या तोंडाशी पोहोचल्यावर प्रश्न पडला की एवढ्या पाण्यात बाटली बुडवायची कुठे. ताईंनी डोळे मिटले. वाऱ्याच्या घोंघाटात, डावीकडून, तो श्वास आला.

"डावीकडे घ्या."

"काही दिसतंय का तुम्हाला?"

"दिसत नाही... घ्या तुम्ही."

तीनदा श्वास आला, तीनदा नाव वळली. चौथ्यांदा तो नावेच्या अगदी खालून आला आणि फळ्या थरथरल्या. जावयाने ताईंकडे पाहिलं. रबर जळल्याचा वास आता त्यालाही येत होता. ताईंनी सहा बाटल्या भरल्या, बुचं लावली, वेळ लिहिली. हात थंडीने कापत होते, अक्षर मात्र नाही.

बाटल्यांनी आपलं काम केलं. जुन्या पाइपच्या खालून दुसरा पाइप निघाला, तपासणीच्या दिवसांत बंद आणि वाऱ्यात उघडा. कारखान्याचे वकील आले, दमदाटी झाली, ताईंना घरी फोन आले. ताईंनी प्रत्येकाला एकच सांगितलं, की पाणी पुन्हा तपासा, मी थांबते. तीन आठवड्यांनी पाइपला कुलूप लागलं. ताई त्या संध्याकाळी एकट्याच खूप रडल्या, आनंदाने. लेकीला तर पहिल्या दिवसापासूनच त्यांनी खाडीचे मासे बंद केले होते, आणि त्यावरून घरात बरीच धुसफूस झाली होती.

पुढच्याच सोमवारी लेक बाळंत झाली. मुलगी. गुरुवारी बाळाला बघायला जाण्याआधी ताई तळघरात डोकावल्या. आभार मानायचे होते, दुसरं काय. बरणी उघडली आणि सवयीने मोजलं. पासष्ट.

नवी पट्टी जेमतेम दोऱ्याएवढी होती, पण गडद. ताईंनी ती खरवडून यंत्राला दिली. विष जवळजवळ शून्य.

"पाइप बंद झाला ना, उतरणारच," साहेब खुशीत म्हणाले. ताई हसल्या नाहीत. पाणी निवळलं तर विष हळूहळू उतरतं, त्याला वर्षं जातात. असं एकदम उतरायला कारण एकच असतं. ते त्यांना मास्तरांनी एकतिसाव्या पट्टीवर दाखवलं होतं.

रिक्षा मिळेपर्यंतही त्यांना धीर निघेना.

खाडीकाठच्या घरी लेक पलंगावर टेकून बसली होती, शेजारी पाळण्यात बाळ. खाडीकडची खिडकी बंद होती, तरी पाळण्याखालची फरशी ओली दिसत होती.

"आई, एक सांगू? मला अजून दूधच आलेलं नाही."

"मग वरचं देताय?"

"घेतच नाही. चमचा लावला की ओठ मिटते. पण रडत नाही गं. नर्स म्हणाली, वजन चांगलं वाढलंय... बघ ना, पोट कसं टम्म आहे."

ताई वाकल्या. नातीच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी लागलं होतं, लोण्यासारखं घट्ट. त्यांनी ते बोटाला घेऊन नाकाशी नेलं. खारट. आणि खाली रबर जळल्याचा वास.

कुणी किंचाळलं असतं. ताईंनी पर्स उघडली, काचेची नळी काढली, बोट तिच्यात पुसलं, बूच लावलं आणि चिठ्ठीवर तारीख घातली. 'नमुना कुणाचा' या रकान्यापाशी लेखणी थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अक्षर कापलं. मग त्यांनी लिहिलं, 'आईचं दूध'.

"काय करतेस, आई?"

"काही नाही. आवर. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जायचं आपण. आणि आजपासून मी इथेच राहणार."

त्यांनी नातीला उचलून छातीशी घट्ट धरलं आणि बंद खिडकीकडे तोंड केलं. "तुझं गेलं, ते मला ठाऊक आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुझे उपकार फिटायचे नाहीत. पण हिची आई इथे आहे. आता पुरे."

बराच वेळ काही झालं नाही. तेरा मिनिटं झाली असतील. मग तीन दिवसांच्या त्या बाळाने ताईंच्या हातातली मान सावकाश खिडकीकडे वळवली, आणि ते ओठ चुटूचुटू हलवायला लागलं.