तिला पुढचं आठवेना

दिव्याला वाटलं होतं, डबा उघडला की आंबूस वास भसकन नाकात शिरेल आणि आत रिळाचा चिकट गोळा निघेल. जुन्या फिल्म जगवायचं शिक्षण घेताना जर्मनीत तिनं असे गोळे ढिगानं पाहिले होते. पण सावली गावच्या मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, माळ्यावरून आलेल्या त्या गंजक्या डब्यातलं रीळ होतं काल धुऊन वाळवल्यासारखं. शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट, आणि एक ओरखडा नाही!

आनंदानं तिचे पाय जमिनीवर ठरेनात. उद्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, रात्रीच्या नाटकाआधी, हा खेळ दाखवायचा होता. लोकांना आवडला तर ग्रामपंचायत बंद पडलेली राइस मिल तिच्या चित्रपट संग्रहालयाला देणार होती. नाही तर डबा दूरच्या शहरात जाणार. आणि एकदा गेलेली चीज या मुलखात परत येत नाही.

गोष्ट साधी होती. काळोख्या हवेलीत एक बाई कंदील घेऊन नाहीशा झालेल्या नवऱ्याला शोधते. शेवटी एका बंद दारापुढं थांबते, आणि फिल्म संपते. शेवटचा तुकडा बहुधा हरवला असावा. दुपारी दिव्यानं ती एकटीनं पाहिली होती. आता हवा होता आवाज, म्हणून तिनं हेमराजभाऊंना बोलावलं. झाडीपट्टीच्या नाटकांत भाऊंची उभी हयात प्रॉम्प्टिंगमध्ये गेलेली. विंगेत बसायचं, नट अडला की पुढचा संवाद पुरवायचा.

दिवेलागणीला मिलमध्ये तालीम सुरू झाली. कोंड्याचा जुनाट वास, पत्र्यावर वाऱ्याची कुरकुर. दिव्या प्रोजेक्टरचा दांडा फिरवत होती. भाऊ पडद्याच्या डाव्या कडेला पालथ्या घमेल्यावर बसून बाईचा आवाज काढत होते.

"धनी... कुठी गेले जी तुमी?"

दिव्या खुदकन हसली. "भाऊ, मालगुजारीण आहे ती. जरा ऐटीत बोलू द्या!"

"ऐट मंग करू. नवरा हरपला हाय तिचा."

बाई बंद दारापुढं आली. थांबली. आणि हळूच तिनं डावीकडं पाहिलं. दुपारच्या खेळात बाईनं असं पाहिलं नव्हतं.

"दिव्याबाई," भाऊ कुजबुजले, "हिले पुढचं आठवून नाई राह्यलं."

"काहीतरीच काय भाऊ... फिल्म आहे ती."

"मले नोको सांगू. नट अडला का डोये असेच विंगेकडं येतात."

आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलंच, "कोन हाय आत? दार उघडा."

पडद्यावरचे ओठ हलले. शब्दाला शब्द. मग दार उघडलं.

दिव्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, तो हर्षाचा. हरवलेला शेवट! तिच्या डोळ्यांदेखत! ती दांडा फिरवतच राहिली. तेवढ्यात फट्... फट्... असा आवाज येऊ लागला. रिळाचं शेपूट सुटून यंत्रावर आपटत होतं. वरचं चाक रिकामं होतं.

चित्र मात्र चालूच होतं.

उघड्या दारातून कुणीतरी सावकाश पुढं येत होतं. बाईनं पुन्हा डावीकडं पाहिलं, या खेपेला घाईनं, आर्जवानं.

"द्या ना भाऊ, पुढचा संवाद द्या!" दिव्या ओरडली.

"याच्या पुढचं मले येत नाई..." भाऊंचा आवाज फाटला. "पोरी, बंद कर... तो मले पाहून राह्यला..."

दिव्यानं दांडा सोडून प्रोजेक्टरचा दिवा विझवला. फटफट थांबली. अंधारात पडद्याच्या बाजूनं, नटीनं विंगेत विचारावं तशा दबक्या सुरात, एक बायकी आवाज आला.

"पुढं...?"

सकाळी भाऊ आले, पण मिलच्या उंबऱ्याबाहेरच थांबले.

"पाठवून दे तो डबा शहरात. संग्रहालय गेलं खड्ड्यात."

"आणि ती? दार उघडं टाकून तशीच उभी राहील?"

"राहू दे!"

"नाही भाऊ. खेळ होणार." दिव्याचे डोळे चमकत होते. "तुम्ही नका बसू. विंगेत मी बसते."

"तू? अन् देशीन काय तिले?"

दिव्यानं दार उघडल्यानंतरचा संवाद म्हणून दाखवला. सबंध, न अडखळता. भाऊ मागं मागं सरकले.

"हे कोनं शिकवलं तुले?"

दिव्याला सांगता येईना. पहाटे दात घासताना ती हेच पुटपुटत होती, एवढंच तिला आठवत होतं.