आंधळ्या माश्या आणि रिकामं स्टूल

घरातले सगळे तिला माशीवाली म्हणत. ती प्रयोगशाळेत तीन वर्षं फळमाश्यांना आपल्यापेक्षा जास्त निगुतीनं जेवू घालते, असं नवरा आल्यागेल्याला सांगे. फक्त त्या जेवणात 'अ' जीवनसत्त्वाचा कणही नसे. त्याच्याशिवाय डोळ्यात प्रकाश टिपणारं रंगद्रव्य तयार होत नाही, आणि ते नसलं की डोळा असून नसल्यासारखा. तिच्या माश्या ठार आंधळ्या होत्या आणि तिला त्याचा कोण अभिमान.

शुक्रवारी शेवटची चाचणी होती. काचेच्या आडव्या नळीत चाळीस माश्या सोडायच्या आणि एका टोकाला दिवा लावायचा. डोळस माश्या दिव्याकडे धावतात. हिच्या माश्या नळीभर विखुरलेल्या राहिल्या, तर सर प्रबंधावर सही करणार होते. नाहीतर तीन वर्षं पाण्यात.

सोमवारी तिनं रंगीत तालीम घेतली. माश्या दिव्याकडे गेल्या नाहीत, पण विखुरल्याही नाहीत. चाळीसच्या चाळीस नळीच्या एकाच अंगाला, काचेला तोंड लावून बसल्या. त्या बाजूला एक रिकामं लाकडी स्टूल होतं.

पहिला संशय गाजरावर. त्यातून हे जीवनसत्त्व मिळतं, म्हणून तिनं घरीदारी गाजराला बंदी घातली होती. तिनं सासूबाईंना फोन लावला.

"आई, डब्यात चुकून गाजर घातलं होतं का?"

"तू बंदी घातल्यापासून या घरात गाजर आलंय का? तुझ्या माश्यांपायी माझेच डोळे जायची वेळ आलीय."

मग पाळी मामांची. मामा प्रयोगशाळेतली भांडी धुवायचे आणि निवृत्तीला टेकले होते.

"मॅडम, गाजर चावायला दात लागतात," ते म्हणाले. नळीजवळ जरा घुटमळले. "दिवसभर इथंच बसतात का ते?"

"ते नाही मामा, त्या. माश्या."

"माश्यांचं नाही विचारलं," मामा म्हणाले आणि भांडी उचलून गेले.

तिनं नळी उलटी फिरवली. माश्या काचेवरून चालत पुन्हा स्टुलाच्या बाजूला आल्या. नळीवर काळं कापड टाकलं. काढलं तेव्हा तेच. मग तिनं स्टूलच उचलून खिडकीपाशी ठेवलं. मिनिटभर माश्या जुन्याच जागेकडे तोंड करून होत्या, मग हळूहळू खिडकीच्या बाजूला सरकल्या. कुणी नाइलाजानं उठून नव्या जागी जाऊन बसावं, तेवढाच वेळ लागला.

तिनं त्यांचे डोळे तपासले. रंगद्रव्य शून्य.

शुक्रवारी सर यायला दहा मिनिटं असताना तिनं दार लावून घेतलं. इतकं शिकलेल्या बाईनं रिकाम्या स्टुलाशी बोलावं, याची तिला लाज वाटली. पण तीन वर्षांपुढे लाज कितीशी टिकणार?

"तुम्ही जरा बाहेर थांबाल का?" ती हळूच म्हणाली. "सही झाली की या."

माश्या दाराच्या बाजूला सरकल्या.

मग विखुरल्या. दार बंदच होतं.

सर आले. दिवा लावला. चाळीस माश्या नळीभर, तोंडं जिकडेतिकडे.

"ठार आंधळ्या," सर खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी सही केली. तिला रडूच आलं.

सर निघाले तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तो कानाला लावत त्यांनी दार उघडलं, आणि समोरून कुणी आत येत असावं तसे ते अंग चोरून बाजूला झाले.

"या," ते फोनच्या नादातच म्हणाले.

'तुम्ही' ती आदरानं म्हणाली होती. एकालाच, अनेकांना नव्हे.

सर फोनवर हो हो करत दार धरून उभे राहिले. बराच वेळ.