इंजिनाला हात लावून बघ

यातला एकही आकडा मी मागाहून बसवलेला नाही.

वही अजून माझ्याकडे आहे. तारखा आहेत, वेळा आहेत, शाईचे डागसुद्धा आहेत. जे घडलं त्याचा अर्थ मला लावता आलेला नाही. पण ते घडलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सोमवार, २ डिसेंबर १९४६. सकाळचे पावणेसात. लोणावळ्याचा बाजार अजून उघडायचा होता.

मी आणि माझा थोरला भाऊ भिमाजी नूरमहंमद मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडसमोर उभे होतो. इतक्या लवकर जायचं कारण होतं. दादा म्हणायचा, जुनी फटफटी घ्यायची तर सकाळी, थंडीत, न सांगता जायचं. विकणारा आधी चालवून इंजिन गरम करून ठेवतो. गरम इंजिन पहिल्या लाथेला सुरू होतं आणि खोड कळत नाही.

दादाला हे ठाऊक होतं, कारण लढाईत तो फटफटीवरून निरोप पोचवायचं काम करत होता. तिथेच घसरला, पाय गाडीखाली सापडला. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून हँडलला हात नाही. आता देवीच्या लशीच्या खात्यात नोकरी मिळाली होती. औंढे, कुरवंडे आणि आसपासची वीसेक गावं. पण अट होती, वाहन स्वतःचं हवं. महिनाभर काम बघणार, मग कायम करणार.

मी पुण्याला बी.एस्सी. झालेली. औंढ्याला दादाकडे राहून लोणावळ्यातल्या मुलींना शास्त्र शिकवत होते. म्हणून दादानं मला सोबत नेलं होतं.

"तू तुझं शास्त्र बघ, मी माजा पाय बघतो," तो म्हणाला होता.

शेडमध्ये तीन गाड्या होत्या. एक लहान, दादा तिला बघूनच हसला. "ही कुरवंड्याचा चढ चढायची न्हाई. हिलाच मला खांद्यावर घ्यावं लागंल."

दुसरी लष्करातली, मोठी, जड. अधू पायानं उभी धरायला कठीण.

आणि तिसरी, साडेतीनशे सी.सी.ची, तीही लष्करातली. खाकी रंग. ना फार जड, ना फार हलकी. घाट चढेल, चिखलातून निघेल, पुण्यापर्यंतही जाईल. मी पान्यानं चाकांची एकेक आरी वाजवून पाहिली, सगळ्या एका सुरात वाजल्या. टाकीत काडी घालून पाहिली, गंज नाही. साखळी घट्ट. किंमत आमच्या ऐपतीतली.

नूरमहंमद शेगडीला चिकटून बसला होता. अंगात दोन कोट, वर घोंगडी. दात वाजत होते. आम्हाला वाटलं, ताप असेल.

"भाऊ, ती नका घेऊ," तो म्हणाला. "मोठी घ्या. त्याच किमतीत देतो."

दादानं माझ्याकडे पाहून डोळा बारीक केला. आमच्या मावळात लहान मूलही शिकतं, बैलबाजारात व्यापारी जे जनावर 'नको' म्हणतो, तेच त्याला स्वतःला ठेवायचं असतं.

"का हो मिस्त्री, खोड काय हिच्यात?"

"खोड काहीच नाही."

"मग?"

तो दोन्ही हात शेगडीवर धरून नुसता बघत राहिला.

"लीले," दादा म्हणाला, "इंजिनाला हात लावून बघ."

मी हात लावला...

इंजिन गरम होतं.

शेडला बाहेरून दवानं भिजलेलं कुलूप होतं, ते आमच्यादेखत उघडलं होतं. बाकी दोन गाड्यांचं लोखंड हाताला चावत होतं. हीच तेवढी गरम. माणसाच्या अंगासारखी.

"आधी चालवून ठेवलीत," मी म्हणाले.

"नाही ताई."

"गरम आहे."

"कूपनावरचं पेट्रोल मी गाडी शेकायला जाळीन का?" त्याचा आवाज कापत होता. "खुदाची शपथ, आठ दिवसांत लाथ मारलेली नाही. म्हणूनच सांगतो, मोठी घ्या."

आम्ही दोघंही हसलो. चोरी सापडली म्हणून बिचारा शपथा घेतोय, असं वाटलं. गरम इंजिनाचा मुद्दा पुढे करून दादानं किंमत आणखी खाली आणली.

गाडी घरी आली.

पहिले काही दिवस मी दादाला इतका आनंदात कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी अंगणात शिरताना दोनदा भोंगा वाजवायचा.

"आता रतनबाईला बसवून एकवीरेला नेतो," तो वहिनीला चिडवायचा.

"नगं बाई! तुमचा पाय अधू, आन् माजा मोडायचा," वहिनी म्हणायची.

गाडी अंगणात उभी असायची, वर गोणपाट. शनिवारी सकाळी साडेपाचला मी पाणी तापवायला बाहेर आले. गोणपाट दवानं चिंब होतं. वाळत घालावं म्हणून उचललं...

खालून ऊब आली.

दादा आदल्या दिवशी तीनला परतला होता. संध्याकाळी सातला मीच गाडी पुसली होती, तेव्हा ती गार होती.

मी घाबरले नाही. खरं सांगते, मला आनंद झाला. काहीतरी मोजण्यासारखं सापडलं होतं. कॉलेजातला लांब थर्मामीटर माझ्याकडे होता. रविवारी सकाळी तो इंजिनाच्या पात्यांमध्ये धरला.

हवा नऊ अंश. इंजिन एकतीस.

रविवारी गाडी जागची हलली नाही. सोमवारी सकाळी तेहेतीस.

कोणी चालवत असेल का? मी मैलांचा आकडा लिहून ठेवला. तो तसाच राहिला. टाकीत काडी घातली, पेट्रोल तितकंच. चाकांभोवती राख पसरली. सकाळी राखेवर एक ओरखडासुद्धा नव्हता.

शेवटी मी प्लग काढला. प्लगशिवाय इंजिन पेटत नाही, हे कोणीही सांगेल. माझ्या पेटीत ठेवला, किल्ली पदराला बांधली.

सकाळी इंजिन छत्तीस अंश.

पेटी उघडली. प्लग हातात घेतला...

तोही कोमट होता.



दादाला सांगितलं तर तो हसला. "बरंच हाय की! थंडीत लाथा मारत बसावं लागत न्हाई."

पण हसताना त्यानं घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. चुलीपुढे बसूनही त्याचे ओठ निळसर दिसत होते.

वहिनी मला मागच्या दारी घेऊन गेली. "वन्सं, ह्यांचं काय तरी बिनसलंय. दोन गोधड्या घातल्या तरी पाय बर्फागत. मी घासून घासून थकते. ऊबच धरीत न्हाईत."

डॉक्टरांनी हिवताप सांगितला, कोयनेल दिलं. पण हिवतापात ताप चढतो. दादाला ताप नव्हताच. मी रोज सकाळी त्याच्या तोंडात तापाचा थर्मामीटर ठेवू लागले. सवयीप्रमाणे आकडा वहीत, इंजिनाच्या आकड्याशेजारीच लिहीत गेले. मुद्दाम नाही. पान एकच होतं म्हणून.

तेरा तारखेला इंजिन एकोणचाळीस. दादा सत्त्याण्णव.

सोळाला इंजिन त्रेचाळीस. दादा शहाण्णव.

एकोणीसला इंजिन सत्तेचाळीस. दादा पंच्याण्णव.

(दादाचे आकडे फॅरनहाइटचे. निरोगी माणसाचा पारा साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास असतो.)

एकोणीसचा आकडा लिहिला आणि टाक माझ्या हातातच राहिला.

मी मुलींना फळ्यावर लिहून देत असे, उष्णता आपोआप उत्पन्न होत नाही. एकीकडून दुसरीकडे जाते.

मी दोन्ही रकाने पुन्हा वाचले...

हा वाढत होता. तो उतरत होता.

तशीच उठले आणि लोणावळ्याला गेले. सकाळचे आठ, बोचरी थंडी. नूरमहंमद शेडबाहेर चाक ठोकत होता. अंगात एकच सदरा, बाह्या वर सारलेल्या. कपाळावर घाम.

मला पाहून त्याच्या हातातली हातोडी थांबली.

"भाऊ कसे आहेत?" हे त्यानं आधी विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"माहीत काय असणार, ताई? गाडी आली आणि मी गार पडत गेलो. गाडी गेली, चौथ्या दिवशी कोट उतरवला. एवढंच कळलं." तो खाली बघत राहिला. "मी मोठी घ्या म्हणत होतो. तुम्ही हसलात. मीही मग जोर केला नाही. घरात पोरं आहेत माझी."

"तुमच्याकडे कुणाकडून आली?"

"लष्कराच्या लिलावात ती उचलणारा एक माणूस होता देहूरोडचा. त्याच्या बायकोनं विकली. तो थंडीनं गेला म्हणाली."

"थंडीनं? कधी?"

"मे महिन्यात, ताई."

त्यानं हातोडी खाली ठेवली.

"मोठी गाडी घेऊन जा," तो म्हणाला. "पैसा नको. पण ती माझ्या दारात आणू नका. हात जोडतो."

मी घरी येऊन सांगितलं. दादा अंथरुणातून उठू शकत नव्हता, तरी ऐकेना. "धा दिवस ऱ्हायलेत फकस्त. नोकरी पक्की व्हऊ दे, मग काय ती इक. तीन वर्सांनी जरा माणसात आलोय, लीले."

एकवीस तारखेला पहाटे वहिनीनं हाक मारली. तशी हाक मी पुन्हा कधी ऐकू नये.

थर्मामीटर दादाच्या तोंडात पाच मिनिटं ठेवला. त्यावर सगळ्यात खालचा आकडा चौऱ्याण्णव. पारा तिथपर्यंतसुद्धा चढला नाही. डोळे उघडे होते. त्याला बोलायचं होतं, पण जबडा हलत नव्हता.

वहिनीनं त्याला मिठीत घेतलं. मी बाहेर धावले.

अंगणात नुसतं उजाडलं होतं. गोणपाटातून वाफ निघत होती.

गाडी अजून सुरू झालेली नव्हती. दादानं अंथरूण धरल्यापासून प्लग पुन्हा माझ्या पेटीत होता. तरीही जवळ गेल्यावर आतून आवाज आला...

धप्... धप्... धप्...

इंजिनाचा नाही. इतक्या सावकाश इंजिन चालत नाही.

मी नाडी मोजायला शिकलेली आहे. ती मिनिटाला चाळीस होती.

औंढ्याच्या खालच्या अंगाला दगडाची जुनी खाण आहे, पाण्यानं भरलेली. आमच्या अंगणापासून तिथपर्यंत उतार आहे. मी टेकूची घोडी वर केली, हँडल धरलं आणि ढकलत सुटले. टाकीला तळहात लागला, कातडी सोलली. सोडलं नाही. काठावर आल्यावर सगळं अंग लावून रेटली.

पाणी चर्रकन वाजलं. मोठा बुडबुडा आला. मग लहान. मग काही नाही.

धापा टाकत घरी आले. वहिनी रडत होती, पण हसतही होती. दादा थरथर कापत होता. चार दिवसांत तो कापला नव्हता. शरीर पुन्हा स्वतःसाठी ऊब तयार करू लागलं होतं.

दुपारी शहाण्णव. संध्याकाळी सत्त्याण्णव. रात्री त्यानं पिठलं मागितलं आणि तिखट कमी म्हणून वहिनीवर डाफरला.

मोठी गाडी आली. अधू पायानं ती सांभाळणं जड गेलं, पण महिना निभावला. दादा कायम झाला. आज त्याची तब्येत खणखणीत आहे. मी हे कधी काढलं तर विषय बदलतो.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

हे लिहिते आहे ते १९४९ च्या नोव्हेंबरात. गेल्या आठवड्यात शेजारची धोंडाबाई धुण्याची पाटी घेऊन खाणीवरून येत होती. मी म्हटलं, "मावशी, एवढ्या थंडीत?"

"थंडी कुटं, बाय?" ती हसली. "खाणीचं पानी लय झ्याक झालंय. दर साली जरा जरा जास्तीच ऊन. आधी हात बधिर व्हायचे, आता उठावंसं वाटत न्हाई. तुमीबी या की. हात किती गार हाईत तुमचे!"

तिनं धरलेला माझा हात सोडला, आणि स्वतःचा नकळत लुगड्याला पुसला.

काल पहाटे मी थर्मामीटर घेऊन खाणीवर गेले. हवा अकरा अंश. पाणी एकोणीस.

गाडी पाण्यात ढकलताना तिच्यावर शेवटचा हात माझा होता. याहून अधिक मला काही माहीत नाही.

घरी येऊन वही काढली. त्या डिसेंबरापासून मी दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःचा पारा लिहीत आले आहे. शेजारी दुसरा रकाना ठेवला नव्हता. आता आखला.

सुरुवात अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. या महिन्यात चौऱ्याण्णव पूर्णांक नऊ. दर महिन्याला साधारण एक दशांश, क्वचितच कमी.

दादाला वीस दिवस लागले होते. मला तीन वर्षं होत आली.

खाण मोठी आहे. वेळ लागतो आहे, इतकंच.